कँटीनमधली चढाई

सर, "मी तुझी कधी झाले?" असं तिनं मला कँटीनच्या पायरीवर विचारलं, आणि तिथून सगळं बदललं. कॉलेज सुटलं, हॉस्टेल सुटलं, आता देवळालीत मामाच्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. आज सकाळपासून खोलीत येरझाऱ्या घालतोय. भीतीनं नाही हं. शाळेच्या कबड्डी टीमच्या फायनलच्या आधी तुम्ही पाठीवर थाप मारायचात तेव्हा घालायचो ना, तशा. मी आठवीत असताना तुम्ही हे जग सोडून गेलात, पण आज ग्राउंडवर उतरायचंय आणि सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही.

तुमच्या खेळाचं त्या पोरांनी काय केलं होतं, ते आधी ऐका. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात हॉस्टेलच्या पोरांची एक पद्धत होती. नवीन पोराला 'आपल्यात' घ्यायचं तर त्यानं रेड टाकायची. कँटीनच्या खांबापासून कबड्डी कबड्डी म्हणत निघायचं, सीनियर दाखवतील त्या मुलीला हात लावायचा आणि दम न तोडता खांबापाशी परत यायचं. हात लागला की एक पॉइंट. ती किंचाळली तर बोनस! मुली ताट उचलून दुसरीकडे जायच्या, काउंटरवरचे काका टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि जो तो म्हणायचा, गंमत आहे रे. आमच्या म्होरक्याला सगळे दादा म्हणायचे. त्याचं एकच, "ज्याला जमत नसेल त्यानं बांगड्या भराव्यात." मी कॉलेजच्या टीमचा पक्का पकड मारणारा, म्हणून मला सूट होती.

ती माझ्याच वर्गातली, इगतपुरीहून रोज ये-जा करणारी. आमचं बोलणं म्हणाल तर एकदा मी झेरॉक्स दिल्या, ती "थँक्स" म्हणाली. त्या एका थँक्सवर मी सहा महिने काढले, सर! दादाला ते माहीत होतं. त्या दुपारी तो म्हणाला, "आज तुझी सूट संपली. ती बघ, खिडकीपाशी बसलीये. जा." मी म्हटलं, "नाही जमणार." "मग मी जातो," म्हणाला आणि निघालाच. कबड्डी कबड्डी कबड्डी. त्यानं तिचं मनगट धरलं. ती "सोड" म्हणतेय, हात ओढतेय, पोरं ओरडतायत, "बोनस, बोनस!" माझं डोकंच सणकलं. खाली झेप घेतली, तुम्ही शिकवलात तसा घोटा धरला आणि दादा टेबलासकट आडवा. वर बसून मी बोंबललो, "माझी आहे ती! हात लावायचा नाही!" आणि कँटीननं टाळ्या वाजवल्या हो. मला वाटलं, जिंकलो.

पायरीवर ती मागून आली. मनगट चोळत होती. मी वाट बघतोय की आता काहीतरी गोड बोलेल. तर तिनं तो प्रश्न विचारला. वर म्हणाली, "त्यानं विचारलं नाही. तूही नाही." आणि गेली. मला इतका राग आला की आय-कार्ड तिथंच कचऱ्याच्या डब्यात फेकलं आणि इथं मामाकडे निघून आलो. वाटलं, हिच्यासाठी मारामारी केली आणि ही असं बोलते!

राग उतरायला फार दिवस लागले. तो उतरला तुमच्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ आठवली तेव्हा. आठवतं ना, तालुक्याच्या मॅचला मी त्या पोराला मातीत दाबून धरलं होतं? त्याचा दम तुटला होता, तरी सोडत नव्हतो, कारण त्यानं मला शिवी दिली होती. तुम्ही स्वतः मैदानात आलात, मला बाहेर काढलंत आणि आपण ती मॅच हरलो. संध्याकाळी तुमच्या घरी तुम्ही स्टोव्हवर अंडी उकडताय, मी कोपऱ्यात फुगून बसलोय. अंडं सोलून माझ्या हातात देता आणि म्हणता, "लेका, समोरच्याचा दम तुटला की आपला हात सुटला पाहिजे. शिट्टीची वाट बघायची नाही. त्याच्या पुढे खेळ नसतो." एवढंच. आणि स्वतःची नी-कॅप काढून मला देता. ती अजून आहे, इलास्टिक पार सैल झालंय.

तिनं दादाविरुद्ध तक्रार केली, सर. आज अकराला कॉलेजच्या समितीपुढे सुनावणी आहे. कँटीन भरलेलं होतं, पण बघितलं असं कोणी म्हणायला तयार नाही. तिनं मला निरोपही पाठवलेला नाही. वर्गातल्या एकाकडून कळलं. काल दादाचा फोन आला. "भावा, तू फक्त गंमत चालली होती म्हण. तुझं अ‍ॅडमिशन मी बघतो, टीममध्ये परत घेतो." वर हसला, "अरे, ती तुझी लागते कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "म्हणूनच येतोय."

फोन ठेवल्यावर खोलीभर नाचलो हो, एकटाच! सगळं सांगणार आहे. रेड, बोनस, टीव्हीचा आवाज. आणि मी काय ओरडलो, तेही. बाहेर येऊन तिच्याशी बोलायला थांबणार नाही, हेही ठरवलंय.

पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? शर्टाला दोनदा इस्त्री केलीये. हे पत्र गादीखाली सारतो. मामा खालून हाका मारतोय, "नवरदेव, बस चुकेल!" निघालो, सर. दार ओढून घेतो.