माझ्या नावाचं कर्ज

सोमवार, ता. १४

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना कमी चढ. तुझ्या दुकानात काचेचं कपाट आलं, असं मावशी सांगत होती. बरं वाटलं. खरंच.

माझं शिवणकाम चाललंय. सध्या हातशिलाईचंच जास्त. मशीन घरात नाही. पोरीची परीक्षा मात्र छान गेली.

जाऊ दे, आडपडदा कशाला? मशीन मी विकलं. माझ्या नावावर उचललेलं कर्ज तुझ्या दुकानात गेलं. "दोन महिने सांभाळून घे," म्हणालास, त्याला वर्ष होत आलं. मशीनच्या पैशातून तुझे हप्ते भरले, आता तेही संपले.

ज्या पाच बायकांच्या गटातून ते कर्ज काढलं, त्याची रीत तुला माहीत नाही. कर्ज एकीचं, जामीन बाकीच्या चौघी. सगळ्यांचे हप्ते जमेपर्यंत बैठकीतून कुणी उठायचं नाही. गेल्या वेळी माझ्यापायी गटातल्या भाजीवालीचा माल सुकला, इस्त्रीवालीची गिऱ्हाइकं परत गेली. शेवटी त्यांनीच पदरचे घालून माझा हप्ता भरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वसुलीचे साहेब म्हणाले, "ताई, मोठं कर्ज घ्या, त्यातून जुनं फेडा." तूही तेच म्हणालास, "घेऊन टाक की, काय बिघडतंय?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नाही घेणार. मी चौघींना सांगून टाकलं की पैसे भावाला दिले. वाटलं, आता माझी खैर नाही. तर भाजीवाली म्हणते, "अगं वेडे, माझे नवऱ्याच्या टेम्पोत गेले!" इस्त्रीवालीचे दिराच्या लग्नात. पोट धरून हसलो आम्ही. मग मी रडले. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं.

येत्या बुधवारची बैठक तुझ्या दुकानात. तू शटर उघडशील तेव्हा पाचही जणी दारात असू. भांडायला येत नाही. सतरंजी आमची आणू, चहाही नको. तू हप्ता दिलास की उठू. पुढच्या बुधवारी परत येऊ. कर्ज फिटेपर्यंत येत राहू.

गिऱ्हाइकांसमोर लाज वाटेल, माहीत आहे. मलाही वाटली होती.

तुझ्यावर अजून तेवढाच जीव असलेली, पण तुझ्यासाठी पुन्हा कधीही सही न करणारी,
तुझी बहीण