गोधडीला भरवलेला घास

अम्मीस,
सबिहाचा सलाम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू येईल, म्हणून लिहितेय.

इथे अमेरिकेत मी ज्यांच्या हाताखाली शिवते, त्या लोरेटाबाईंचं गोधडीसारखं मोठं कापडी चित्र पूर्ण झालं आणि इथल्या संग्रहालयात लागलं. गुलामगिरीत जन्मलेल्या, त्यांच्यासारख्याच काळ्या बायकांच्या आठवणीसाठी आहे ते. त्या बायकांना अक्षर शिकायची बंदी होती, तरी त्यांनी पोरींसाठी शाळा काढल्या. चित्रात चेहरा एकही नाही, नुसते निळे-काळे तुकडे आणि माझे टाके. सोनईत ओट्यावर बसून तू घालतेस तसेच.

शेवटचं तोंड शिवताना सवयीनं मी आत चपातीचा तुकडा ठेवला. गोधडी उपाशी ठेवू न्हाई, असं तू म्हणतेस ना. बाईंना विचारायचं सुचलंच नाही. आता आत कीड झालीय. संग्रहालयानं चित्र भिंतीवरून उतरवलं. बाई रागावल्या नाहीत, नुसत्या त्याच्याजवळ बसून राहिल्या. ते मला बघवत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? अब्बांना यातलं काही सांगू नकोस.

उद्या ते टाके मलाच उसवायचेत. हे पत्र पोचेल तोवर उसवून झालेलं असेल, तरी विचारते. अम्मी, घास भरवायला तू शिकवलंस. भरवलेला घास तोंडातून काढून कसा घ्यायचा?

तुझीच,
सबिहा