शाल्मलीची अर्धशिशी

दीनानाथ,

तुला आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही.

कापसाचा भाव आणखी पडायच्या आत लेकीचं लग्न उरकायचं, एवढंच तुला दिसतंय. सकाळी शाल्मलीच्या डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकल्या, तेव्हाच अर्धशिशी येणार हे ओळखून मी गोळी, ओला पंचा, बादली तयार ठेवली. तू मात्र तिला आर्णीच्या पाहुण्यांसमोर ट्यूबलाइटखाली बसवलंस. पोह्यांच्या वासानं ती सगळ्यांदेखत ओकली.

मुलाची आई हसली. "कामाले लागली का डोकं दुखनं आपोआप थांबते," म्हणाली. आणि तू लगेच सुपारी फोडलीस.

हे तुला माझं कॉन्व्हेंटात शिकल्याचं खूळ वाटेल, म्हणून पत्र पाठवत नाही. पण मघाशी शाल्मलीनं विचारलं, "आत्या, त्यांच्याकडे मला दार लावून निजू देतील का गं?"

मी "हो" म्हणाले.

तुझी थोरली बहीण,
कुमुद