तक्त्यातली गणिताची ओळ

प्रिय शंकासुरा,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून तू आईजवळ कुरकुर केलीस, तेही कळलं. तिचा रोज फोन येतो आणि रोज एकच प्रश्न असतो, कर्जाचं काय झालं? गणिताच्या पदवीसाठी तू माझ्याच कंपनीकडे अर्ज केलास, आणि ताई आत बसली आहे म्हणजे काम झालंच, असं तुम्ही दोघांनी धरून ठेवलंय. आई तर शेजारणींना सांगूनही मोकळी झाली. मी इथे कुणी मोठी नाही रे. कर्ज देणाऱ्या कंपनीत आकडे जुळवणारी एक बाई आहे, एवढंच.

तू विचारलंस, गणित शिकून तुला काय मिळालं ते खरं खरं सांग. सांगते. एका नर्सबरोबर भाड्याने घेतलेली खोली मिळाली. तिच्यात पलंग एकच मावतो. तिची रात्रपाळी आणि माझं दिवसाचं ऑफिस, त्यामुळे भागतं. मी निघते तेव्हा ती दारात चपला काढत असते. सुट्टीच्या दिवशी जी जास्त दमलेली असेल ती पलंगावर, दुसरी खाली. पगाराचा तिसरा हिस्सा माझ्या स्वतःच्या शिक्षणाच्या कर्जात जातो, तेही याच कंपनीचं. पदवी हातात पडल्यावर दीड वर्ष नोकरीसाठी वणवण केली, शिकवण्या घेतल्या, आणि तेवढ्या काळात व्याज मात्र न चुकता वाढत राहिलं. आईला वाटतं, मी कधीच फेडून मोकळी झाले. तिला वाटू दे.

पश्चात्ताप होतो का, असंही विचारलंयस. नाही होत. एखादी सिद्धता अडत अडत शेवटच्या ओळीवर येऊन बसली की जो आनंद व्हायचा, तसा मला पुन्हा कशानेच झाला नाही. पण त्या आनंदाने हप्ता भरता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची वजाबाकी करायला मला अजून जमलेलं नाही.

तू चौथीत असतानाची गोष्ट आठवते? मास्तरांनी फळ्यावर गणित घातलं होतं. आठ गवंडी एक भिंत दहा दिवसांत बांधतात, तर ऐंशी गवंडी किती दिवसांत बांधतील? सगळ्या वर्गाने एक दिवस लिहिलं. तू उभा राहून विचारलंस, एका भिंतीपाशी ऐंशी गवंडी मावतील कसे? मास्तरांनी तुला बाहेर उभं केलं. घरी येऊन तू रडत विचारत होतास, माझं चुकलं काय, आणि मी पोट धरून हसत होते. शंकासुर हे नाव मी त्याच दिवशी ठेवलं. मी कायम एक दिवस लिहिणाऱ्यांतली. दिलेलं खरं मानायचं आणि पुढची आकडेमोड बिनचूक करायची. पहिला नंबर मला त्यावरच मिळायचा. घरात हुशार म्हणून माझं नाव झालं, पण गणिताचं डोकं तुझंच.

गेल्या वर्षी साहेबांनी मला एक तक्ता करायला सांगितला. ऑफिसात गणित शिकलेली मी एकटीच, म्हणून कौतुकाने सांगितलं. कोणती पदवी घेतलेली मुलं पाच वर्षांत किती कमावतात, आणि तेव्हा त्यांच्या डोक्यावर किती कर्ज उरलेलं असतं? पाच वर्षं हे साहेबांनीच ठरवून दिलं होतं. मी जीव ओतून काम केलं. कंपनीच्या हजारो जुन्या कर्जदारांच्या नोंदी होत्या. कुणाचंच नाव नव्हतं, पण माझी नोंद मी हप्ते चुकलेल्या महिन्यांवरून लगेच ओळखली. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. माझं शिक्षण कामी आलं असं कुणीतरी पहिल्यांदाच म्हणत होतं. त्या संध्याकाळी मी घरी फोन करून उगाच बडबडत बसले होते, ती याच आनंदात.

आता ऐक. तुझा अर्ज आल्यानंतर कंपनीने त्या तक्त्यावर एक रेघ मारली. रेघेखालच्या पदव्यांना यापुढे कर्ज नाही. गणिताची ओळ रेघेखाली आहे. परवा तुझा अर्ज नामंजूर झाला. पत्र दोन-चार दिवसांत घरी येईल आणि त्यावर सही साहेबांची असेल, पण तुला नाही म्हणणारी मी आहे. तुझे गुण कुणी पाहिलेसुद्धा नाहीत. तक्त्यात त्यांना रकानाच नाही, मीच ठेवला नव्हता. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. मी सगळा तक्ता पुन्हा पुन्हा तपासला, माझी नोंद काढूनही पाहिली, ओळ वर सरकत नाही. आपलं गणित चुकलेलं असू दे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि ते चुकलेलं नाही. तक्ता बाहेर देणाऱ्याची नोकरी जाते. तरी तो सोबत पाठवते आहे. हरकतीत माझं नाव आलं तरी चालेल. आईला एवढ्यात काही सांगू नकोस. दार लावून बस आणि शंका काढ. या वेळी मी हसणार नाही.

तुझीच,
ताई