रस न झालेला उन्हाळा

आई,

आज अकोल्यात माझ्या मुलींची मोजणी झाली. ज्युदोच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, त्याआधी दीडेक महिना मी त्यांना पिळून काढते आणि शेवटी एका मशीनवर उभं करते. दिसतं ते वजनकाट्यासारखंच, पण अंगात चरबी किती आणि स्नायू किती हे वेगवेगळं सांगतं. एक मुलगी रडकुंडीला आली होती. इतकं धावूनही वजन तसूभर हललं नव्हतं. मी तिला दाखवलं, चरबी उतरली होती आणि तेवढंच मांस भरलं होतं. "येडे, तू घट्ट झाली," म्हटलं. ती हसत गेली. मी मात्र दार लावून बसले. एवढं एक वाक्य त्या वर्षी आपल्या घरात कोणी बोललं असतं तर, हेच डोक्यात फिरत होतं.

मी खेळायचे तेव्हा आमच्या ज्युदोच्या सरांकडे नुसता काटा होता. शिबिराच्या सुरुवातीला माझं वजन उतरायच्या ऐवजी चढलं. दोर चढून चढून दंड भरले होते, मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण सरांना वाटलं पोरगी घरी चोरून खाते. ते थेट राजापेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात. तू रसासाठी आंबे पिळते आहेस, कोपरापर्यंत हात पिवळे. "वहिनी, काय खाऊ घालून राहिल्या तुमी पोरीले? वजनगटात नाही बसली तर वर्ष गेलं समजा." भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी भांडणारी तू, सरांपुढे नुसती मान डोलावलीस. ते गेल्यावर रसाचं पातेलं शेजारी देऊन आलीस. त्या उन्हाळ्यात आपल्याकडे पुन्हा रस झाला नाही. माझं रात्रीचं जेवण बंद झालं, पेलाभर ताक तेवढं राहिलं.

आणि तुझंही बंद झालं. मी म्हणायचे, तू तरी जेव. "तू उपाशी झोपशीन अन् मी काय समोर बसून गिळू?" बाबांना वाढायचीस आणि स्वतःचं ताटच घ्यायची नाहीस. तुझी मधुमेहाची गोळी मात्र रोज वेळेवर. गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रिकाम्या पोटी घ्यायची नाही हेही सांगितलंच असणार, तेवढं तू माझ्यापायी सोडून दिलंस. साखर उतरून तुझे हात थरथरायचे, दरदरून घाम यायचा, आणि तू म्हणायचीस, ऊन लागलं. ब्लाउज सैल झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीसंगं माय बी पैलवान होऊन राहिली," तर तू लाजून हसलीस. घरात काट्यावर रोज मी एकटी चढत होते, तुझ्याकडे कोण बघणार? मला सरांचा राग येतो, पण खरं सांगू, तुझा जास्त येतो. कोणी सांगितलं होतं तुला? उपास देवासाठी धरतात, आई, वजनगटासाठी नाही.

स्पर्धा इथेच, अकोल्यात होती. सकाळी माझं वजन झालं आणि मी गटात बसले. त्याच सकाळी बाबा तुला उठवत होते आणि तू उठत नव्हतीस. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बाबांनी सरांना फोन केला. तिच्या लढती होऊ द्या, मग सांगा, हे बाबाच म्हणाले. संध्याकाळी एसटी स्टँडवर, पदक गळ्यात असताना, सर म्हणाले, "बेटा, आई गेली." मी आधी त्यांच्याकडे बघून हसले, कारण ते कधी नव्हे ते बेटा म्हणाले होते.

हे बाबांना वाचून दाखवावं असं मनात होतं. आता नाही दाखवणार. लोक विचारतात, तो दिवस कसा काढलास, आणि मी सांगते, काही आठवत नाही. सगळं आठवतं. काट्यावरून उतरले तेव्हा अंग इतकं हलकं होतं, इतकं माझ्या ताब्यात होतं, की तसं पुन्हा कधी झालं नाही. समोर येईल तिला मी पाठीवर पाडत होते आणि माझ्याइतकं सुखी जगात कोणी नव्हतं. तू तेव्हा गेलेली होतीस. मला हे माहीत होऊन इतकी वर्षं झाली, आई, तरी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस अजून तोच आहे.