भाताचं पाणी

९ डिसेंबर, सकाळ

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. परीक्षा एकदाची संपली, आता झोप भरून काढ. इकडे सगळं ठीक. खिडकीची तडकलेली काच बदलली आणि स्वयंपाकघर सध्या माझ्या ताब्यात आहे. हसू नकोस.

माझं भाताचं भाषण तुला तोंडपाठ असेल. उभी हयात धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली, मग घरातही तेच. तांदूळ एकदाच, हलक्या हाताने धुवा, पाणी बेताचं घाला, ओतून देऊ नका, त्याबरोबर खनिजं जातात. तुझी आई वैतागून म्हणायची, तिकडेच जेवून येत जा.

तर हल्ली मी तांदूळ चोळून चोळून धुतो, पातेलंभर पाण्यात शिजवतो आणि वरचं पाणी चक्क ओतून काढतो. म्हणजे, आता ओततो.

बरं, सांगूनच टाकतो. आईची मूत्रपिंडं कुरकुरतायत. रक्तात पोटॅशियम, त्या खनिजांपैकीच एक, फार वाढलं होतं. ते जेवणातून कमी करा, नाहीतर मशीनवर रक्त शुद्ध करायची पाळी येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तुझी परीक्षा होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, ही आईची ताकीद.

मला वाटलं, हा तर आपलाच प्रांत! पण गंमत बघ, तांदूळ धुतलेलं पाणी टाकलं, शिजल्यावरचं ओतताना मात्र हात अडायचा. मग मी गुपचूप पाणी बेताचंच घालायला लागलो. पुढच्या तपासणीत आकडा जागचा हलला नाही. आईने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, भातातलं सत्त्व गेलं तर जाऊ द्या. मी राहायला हवी ना?"

चिमणे, मी मोरीपाशी उभा राहून रडलो. आणि ओतलं.

काल रिपोर्ट आला. आकडा चांगला उतरलाय. डॉक्टरबाईंनी मशीनचा विषयही काढला नाही. आई दोन घास जास्त जेवते आणि वर ऐकवते की भाताचा पार चोथा केलाय. ओतायचं पाणी हल्ली मीच मीठ घालून पितो, वाया कशाला घालवायचं? माझ्या वाट्याचं पिऊन तुम्ही गुटगुटीत होणार, म्हणते.

घाबरून येऊ नकोस, पण ये. आणि तुझ्या भाताचं पाणी मात्र ओतू नकोस हं.

तुझा,
म्हातारपणी पाणी ओतायला शिकलेला
बाबा