टॉवर कोणाच्या बागेत

२६ फेब्रुवारी
मोजणीवाले आज सरळ बागेत शिरले! ऐन काजूच्या दिवसांत. बाबांनी मला दिलेली बाग — तिच्यातल्या पाच-सहा झाडांना चुन्याचे पट्टे ओढले. तिथे विजेच्या मोठ्या लाईनीचा टॉवर येणार. वीज म्हणे नवी मुंबईला जायची, डेटा सेंटरांना. हे कोयता घेऊनच धावले. "माझ्या बायलेची बाग ही! झाडाक हात लावन बघा!"

२८ फेब्रुवारी
भक्तीला फोन केला. लेक तसल्याच एका डेटा सेंटरात कामाला. म्हटलं, एवढ्या विजेचं करता तरी काय गो? हसली. "आई, काजूवरच्या ढेकण्या किडीला कुठलं औषध मारू, हे परवा तूच फोनला विचारलंस ना? ते उत्तर असल्याच ठिकाणाहून येतं. तुझ्यासारखी कोट्यवधी माणसं दिवसभर विचारत असतात."
फोन ठेवला. औषध लागू पडलं होतं ना! काम सुचेना. उगाच आत-बाहेर करत राहिले.

५ मार्च
हे रोज वैभववाडीला. लाईनीच्या साहेबांना भेटतात, भांडतात, घरी येऊन माझ्यावर ओरडतात.

१२ मार्च
"काम झाला!" दारातूनच ओरडले. लाईन सरकली! पेढे आणलेत. कुठे सरकली? — "पलीकडे." पलीकडे म्हणजे सुभद्राची बाग! नवरा गेल्यापासून एकटी, लेक सासरी. तेवढाच तुकडा तिच्याकडे. बोलले, तर म्हणतात, "लाईन खंयतरी जातलीच मां!"
हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

१३ मार्च
सुभद्रा विहिरीवर दिसली. मी कळशी न भरताच परत आले.

१७ मार्च
मीच गेले आज वैभववाडीला! यांना न सांगता, एस्टीने. साहेबांना म्हटलं, बाग माझ्या नावावर आहे. टॉवर माझ्याकडेच घाला. ते बघतच राहिले. "मॅडम, विचार केलात ना?" केला! आमची थोडी झाडं गेली तरी बाग उरते. तिचं काय उरतं? ते म्हणाले, हरकत नसेल तर आधीचाच मार्ग आम्हाला सोपा.
घरी येऊन यांना सांगितलं. ताटावरून उठले. "तुझी बाग. तूच बघ."
असू दे. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१९ मार्च
सुभद्रा आली. वाटलं, गळ्यात पडेल. उंबरठ्याबाहेरच उभी राहिली. डोळे लाल.
"माझ्यान आता बाग राखूक होणा नाय. टॉवराची भरपाई घेवन लेकीकडे ऱ्हवाक जावचा, असा ठरवललंय मी. माका कोणी इचारूक नाय — त्या सायबान नाय, तुझ्या घोवान नाय. आणि गो, तूवय नाय!"